संपलं असं कोणी ठरवलं?

नव्या इमारतीत राहायला येऊन जेमतेम आठवडा झाला होता. रात्री साडेअकराच्या सुमाराला चौथ्या मजल्यावरच्या काकूंच्या बाथरूममध्ये गीझरचा जोड सुटला आणि पाण्याचा फवारा थेट समोरच्या भिंतीवर आदळू लागला. फ्लॅटमधला कॉक फिरवला तर तो नुसताच गोल फिरत राहिला. वॉचमन गच्चीवर पळाला. तिथे टाक्यांच्या खाली ओळीनं व्हॉल्व्ह, सगळ्यांच्या मुठी लाल, आणि एकावरही काही लिहिलेलं नाही. त्यानं एक बंद केला तर आमच्या स्वयंपाकघरातलं पाणी गेलं. दुसरा बंद केला तर काहीच झालं नाही. तोवर पाणी दारातून पॅसेजमध्ये आलं होतं आणि लिफ्टच्या दिशेनं निघालं होतं. आम्ही जुन्या चादरी आणि पायपुसणी गुंडाळून लिफ्टच्या उंबऱ्याशी बांध घातला. शेवटी वॉचमननं सगळ्या मुठी एका दमात आडव्या केल्या, तेव्हा अख्ख्या इमारतीचं पाणी बंद होऊन तो फवारा थांबला. साइटच्या सुपरवायझरला मी फोन लावला होता. भला माणूस, एवढ्या रात्रीही त्यानं उचलला. पण त्याला महिन्याभरापूर्वीच दुसऱ्या साइटवर पाठवलं होतं. तो म्हणाला, "मॅडम, त्या लाइनी ज्यानं टाकल्या तो ठेकेदार मधेच बदलला. कुठली लाइन कुठे जाते ते त्यालाच ठाऊक."

काकू पदर खोचून खराट्यानं पाणी लोटत होत्या. मधेच थांबून त्या म्हणाल्या, "किल्ल्या दिल्या, पेढे वाटले, फोटो काढले. सगळं झालं. पण काम संपलं असं कोणी ठरवलं गं?"

त्या प्रश्नानं मला झोप लागू दिली नाही. कारण हा प्रश्न विचारणं हाच माझा पेशा आहे. हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मी प्रोजेक्ट मॅनेजर आहे. सुरुवात, नियोजन, अंमलबजावणी, देखरेख आणि समारोप हे पाच टप्पे या विषयाच्या कुठल्याही वर्गात पहिल्या तासाला फळ्यावर लिहितात. प्रत्यक्षात सुरुवातीला माणसांची गर्दी असते. बैठकीला वरिष्ठ येतात, नव्या कामाचा लोगो बनतो, सगळे मिळून जेवायला जातात. समारोपाला मात्र एखादा थकलेला माणूस एकटाच बसून कागद भरत असतो, आणि बाकीचे केव्हाच पुढच्या कामाला लागलेले असतात. घर बांधणं असो की बँकेचं सॉफ्टवेअर, मी हेच पाहत आले आहे. भूमिपूजनाला मुहूर्त असतो, त्याची तारीख आधी ठरते, मांडव पडतो. शेवटाची तारीख करारात असते, पण त्या दिवशी नेमकं काय झालेलं असलं पाहिजे हे कुठेही लिहिलेलं नसतं.

आमच्या कोथरूडच्या सोसायटीची पुनर्विकासाची पहिली सभा जुन्या इमारतीच्या पार्किंगमध्ये झाली होती. डोक्यावरच्या स्लॅबचं प्लॅस्टर निघून सळया दिसत होत्या, त्यामुळे 'हो' म्हणायला कोणालाच फार वेळ लागला नाही. पण प्रत्येकाचं 'हो' वेगळं होतं. काकूंचे गुडघे दुखत होते, त्यांना लिफ्ट हवी होती. तळमजल्यावरच्यांना दर पावसाळ्यात तुंबणाऱ्या ड्रेनेजपासून सुटका हवी होती. तरुण मंडळींना दुसऱ्या गाडीची जागा हवी होती. एका आजोबांनी सांगितलं की त्यांना फक्त शेजारी तेच हवेत. कुठल्याही प्रकल्पाचा पहिला कागद इथे लिहायचा असतो: हे काम आपण कशासाठी करतोय, त्यात काय येतं, आणि काय येत नाही. तो एक पानाचाच असावा, पण सगळ्यांनी वाचून सही केलेला असावा. तसा कागद झाला नाही, कारण लगेचच चर्चा 'कार्पेट एरिया किती टक्के वाढवून मिळणार' याकडे वळली आणि पुढच्या बैठकांमागून बैठका तिथेच फिरत राहिल्या. क्षेत्रफळ मोजता येतं म्हणून त्यावर भांडता येतं. ड्रेनेज तुंबणार नाही हे कसं मोजायचं, त्यासाठी कोणाला प्रश्न विचारायचे, यावर घसा कोरडा करायला कोणी तयार नव्हतं. सहकार कायद्याच्या कलम ७९(अ) खालचा २०१९ चा शासन निर्णय सल्लागार कसा नेमावा, निविदा कशा मागवाव्यात, सभा कशी घ्यावी हे सगळं पायरी-पायरीनं सांगतो. विकासक निवडेपर्यंतची वाट त्यात छान आखलेली आहे, आणि आमच्या समितीनं ती इमानानं पाळली. शेवटची वाट मात्र ज्याची त्यानं आखायची असते.

मग नियोजन. भिंतीवर आडव्या पट्ट्यांचा तक्ता लागला, प्रत्येक कामाची एक पट्टी. जगभर तो गँट चार्ट म्हणून ओळखला जातो, अमेरिकेच्या हेन्री गँट यांच्या नावानं. पोलंडच्या कारोल आदामिएत्स्की या इंजिनिअरनं त्याच्या बरंच आधी, १८९६ मध्ये, असाच तक्ता रचला होता. त्याचं लेखन पोलिश आणि रशियन भाषांत राहिलं म्हणून श्रेय दुसऱ्याकडे गेलं, याचं मला नेहमी वाईट वाटतं. पण पट्ट्यांच्या तक्त्यात एक उणीव आहे. कुठलं काम कुठल्या कामामुळे अडून बसलंय हे त्यात सहज दिसत नाही. ते शोधायची रीत १९५०च्या दशकाच्या अखेरीस डुपाँट कंपनीत तयार झाली, रासायनिक कारखाने दुरुस्तीसाठी कमीत कमी वेळ बंद ठेवता यावेत म्हणून. त्याच सुमाराला अमेरिकी नौदलानं पोलॅरिस क्षेपणास्त्राच्या कामासाठी तशीच एक पद्धत बसवली. अशा अडवून धरणाऱ्या कामांच्या साखळीला आम्ही क्रिटिकल पाथ म्हणतो. ज्या कामांना एक दिवस उशीर झाला की पूर्ण प्रकल्पाला एक दिवस उशीर होतो, अशा कामांची ती साखळी. बाकीच्या कामांना थोडीफार ढील असते.

आमच्याकडे ती साखळी कुठून जात होती? दर स्लॅब पडला की ग्रुपवर फोटो यायचा, टाळ्यांच्या चित्रांचा पाऊस पडायचा. सगळ्यांचे डोळे स्लॅबवर होते. साखळी मात्र लिफ्टमधून जात होती. लिफ्टची मागणी नोंदवल्याशिवाय ती बनायला लागत नाही, बनून आल्यावर बसवायला वेळ लागतो, मग शासनाच्या लिफ्ट निरीक्षकाची तपासणी, मग परवाना, आणि त्यापुढे महापालिकेचं भोगवटा पत्र, म्हणजे इमारतीत राहायला जायची परवानगी. स्ट्रेचर मावेल अशी मोठी घ्यायची की नेहमीची, आतला पत्रा चकचकीत हवा की मंद, यावर आम्ही सभासद कित्येक आठवडे बोलत राहिलो. तेवढे आठवडे भाड्याच्या घरात जास्त काढले. ज्या दिवशी फोटो काढण्यासारखं काही नसतं, त्या दिवशीही प्रकल्प पुढे किंवा मागे जात असतो.

बाबांना मी हे सगळं सांगायचे. ते बांधकाम खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झाले. त्यांच्यासमोर कामाच्या तारखेचा विषय निघाला की गाडी कधी ना कधी पानशेतवर येते. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटून पुण्यात पूर आला तेव्हा ते शाळकरी होते, घर नारायण पेठेत, नदीपासून हाकेच्या अंतरावर. पुण्यातल्या त्या पिढीला त्या दिवसाबद्दल काही सांगावं लागत नाही. बाबांना पाण्यापेक्षा पाणी ओसरल्यानंतरचा वास जास्त आठवतो. वाड्याच्या चौकात घोट्याएवढा चिखल, आजीच्या कोठीतली ज्वारी फुगून आंबलेली, आणि भिंतीवर सरळ रेषेत उमटलेली गाळाची खूण. खडकवासलाही फुटल्यामुळे नळ कोरडे पडले. ज्या विहिरींकडे वर्षानुवर्षं कोणी वाकून पाहिलं नव्हतं, त्या उपसून साफ केल्या गेल्या. पुढे स्वतः बांधकामाच्या नोकरीत शिरल्यावर त्यांनी त्या धरणाविषयी मिळेल ते वाचलं. धरण पुरं व्हायचं होतं १९६२ मध्ये. १९६१ च्या पावसाळ्यातच पाणी अडवायचं ठरलं. धरणाच्या पोटातून पाणी सोडायची मोरी सळयांशिवायच्या काँक्रीटची होती, तिच्या दारांचं काम अपुरं होतं. जोराच्या प्रवाहात ती मोरी ढासळली आणि वरचा मातीचा भराव खचत गेला. लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली, म्हणून धरण रात्रीच्या अंधारात न फुटता सकाळी फुटलं. किती माणसं त्यामुळे वाचली असतील, असं म्हणताना बाबांचा आवाज आजही बदलतो.

"दारं नव्हती, तरी पाणी अडवलं." एवढं एकच वाक्य ते शेवटी म्हणतात, आणि गप्प होतात.

मी त्या वाक्याकडे माझ्या कामाच्या नजरेनं पाहते तेव्हा मला राग येतो, आणि तो कोणा एका माणसावरचा नसतो. तारीख पुढे ओढणारा माणूस बहुतेक वेळा कामाच्या भल्याचाच विचार करत असतो. लोकांना पाणी लवकर मिळावं, ही काही वाईट इच्छा नव्हे. पण 'अजून झालेलं नाही' हे ठणकावून सांगायचा अधिकार कोणाला, आणि तो माणूस बोलला तर काम खरंच थांबेल का, हे आधी ठरलेलं नसेल तर प्रत्येक जण दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहत राहतो. आमच्या सॉफ्टवेअरच्या कामात कोणाच्या घरात गाळ शिरत नाही. तरी एखाद्या सहकारी पतपेढीचं नवं सॉफ्टवेअर अर्धवट चाचणीवर सुरू केलं की महिन्याच्या एक तारखेला पेन्शनरांची रांग खिडकीसमोर खोळंबते. त्या रांगेतला माणूस आमच्या कुठल्याच बैठकीत नसतो. म्हणून नवं सॉफ्टवेअर सुरू करायचं की नाही याच्या बैठकीत मी एका खुर्चीचा अधिकार आधीच लिहून घेते: चाचणी बघणाऱ्या व्यक्तीनं 'नाही' म्हटलं तर ते सुरू होणार नाही, मग समोर कोणीही बसलेलं असो. हे लिहून घेताना माणसं जरा अस्वस्थ होतात. त्यांना तसं वाटतं हे मला चालतं.

याच्या उलटही एक गोष्ट पुण्यानंच मला दाखवली. मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर २०१६ मध्ये झालं, आणि ६ मार्च २०२२ ला पहिले दोन तुकडे सुरू झाले: वनाज ते गरवारे कॉलेज आणि पिंपरी-चिंचवड महापालिका ते फुगेवाडी. एवढ्याशा अंतराची मेट्रो काय कामाची, असं तेव्हा आमच्या घरातही बोललं गेलं. रविवारी लोक पोराबाळांना घेऊन नुसते बसून यायचे. मग १ ऑगस्ट २०२३ ला एक मार्ग रूबी हॉलपर्यंत गेला आणि दुसरा न्यायालयापर्यंत येऊन त्याला मिळाला, आणि २९ सप्टेंबर २०२४ ला गाडी जमिनीखालून स्वारगेटला पोचली. रखडली, तारखा हलल्या, नदीपात्रातल्या खांबांवरून आणि झाडांवरून वाद झाले, ते सगळं खरं. पण गरवारेपर्यंतचा तो छोटा तुकडा तेवढ्यापुरता पुरा होता. त्याला सिग्नल होते, दारं होती, सुरक्षा तपासणी झालेली होती. टप्प्याटप्प्यानं काम खुलं करणं आणि अपुरं काम वापरायला काढणं यात बाहेरून पाहणाऱ्याला फरक दिसत नाही, दोन्हीकडे फीत कापलेली असते. टप्पा कितीही लहान असला तरी तो आपल्या जागी सगळा असावा लागतो.

आता परत त्या लाल मुठींकडे येते. प्लंबिंगचा नकाशा नव्हता असं नाही, होता. आर्किटेक्टनं काढलेला, रंगीत, सही-शिक्क्यासह. मी तो फाइलमधून काढून पाहिला, आणि तो आमच्या इमारतीचा वाटेचना. कारण काम चालू असताना जवळजवळ प्रत्येकानं काही ना काही बदलून घेतलं होतं. कोणी ओट्याची दिशा वास्तूप्रमाणे फिरवली, कोणी बाल्कनीत वॉशिंग मशीनची जागा काढली, कोणी दोन बाथरूमची एक केली. एकेक बदल इतका बारका की त्यासाठी कागद करायला कोणाला सुचलं नाही. सुपरवायझर जागेवर उभा राहून 'करून टाकू' म्हणायचा, आणि करूनही द्यायचा. पण सिंक तीन फूट सरकलं की पाइप सरकतो, पाइप सरकला की तो डक्टमधून दुसरीकडे उतरतो. त्याची रेघ नकाशावर कोणी ओढली नाही. बदल होऊच नयेत असं मी कधीच म्हणणार नाही, राहायचं आपल्यालाच आहे. पण बदलाची वही लागते. काय बदललं, कोणी सांगितलं, पैसे किती वाढले, दिवस किती वाढले आणि कुठला कागद त्यामुळे जुना झाला, एवढे पाच रकाने. त्यातला पाचवा रकाना मी फार कमी ठिकाणी पाहिला आहे, आणि आमच्या इमारतीत तोच भोवला.

दुसरं कारण माणसांचं. काम 'नव्वद टक्के झालं' की ते तिथेच फार काळ राहतं, हे या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. उरलेल्या दहात दिसण्यासारखं काही नसतं: नळाची गळती, दाराचा घासणारा कोपरा, मीटरचे नंबर, जळालेला दिवा, गॅरंटीची कार्डं. आणि नेमक्या त्याच वेळी ज्यांच्या डोक्यात सगळी माहिती असते ती माणसं उठून जातात. त्यांना पुढची साइट, पुढचा ग्राहक वाट पाहत असतो. मालकाला तेच परवडतं. आमच्या कंपनीतही चांगला प्रोग्रॅमर सगळ्यात आधी काढून नेतात. जाताना तो मनापासून एक लांबलचक कागद लिहून जातो, आणि तो कागद कोणाला कळत नाही, कारण लिहिणाऱ्याला काय ठाऊक असतं की समोरच्याला काय ठाऊक नाही? म्हणून मी आता कागदावर भागवत नाही. ज्याच्याकडे काम जाणार आहे त्यानं स्वतःच्या हातानं ते चालवायचं, आणि ज्यानं केलंय त्यानं शेजारी हात मागे बांधून उभं राहायचं. पहिल्या दहा मिनिटांतच दोघांना कळतं काय लिहायचं राहिलंय ते. आणि हे शेवटच्या आठवड्यात जमत नाही. त्याचे दिवस अगदी पहिल्या आराखड्यातच राखून ठेवावे लागतात, नाहीतर उशीर झाला की सगळ्यात आधी कात्री त्यांनाच लागते.

पुढच्या रविवारी आम्ही आमचं राहिलेलं काम करायला घेतलं. समितीनं पाठपुरावा करून ज्यानं शेवटच्या लाइनी जोडल्या होत्या त्या प्लंबरकाकांना शोधून काढलं. त्यांनी येताना ऑइलपेंटचा छोटा डबा आणि बारीक ब्रश आणला होता. एक व्हॉल्व्ह बंद करायचा, खाली प्रत्येक घरात सगळे नळ उघडायचे, आणि ज्याचं पाणी जाईल त्यानं फोनवर ओरडायचं, अशी साधी योजना. पहिला अर्धा तास वाया गेला. व्हॉल्व्ह बंद केला तरी पाइपात साठलेलं पाणी येतच राहायचं. काकू खालून सांगायच्या, "बंद... नाही, थांबा, अजून थेंब थेंब येतंय," आणि वर प्लंबरकाका मूठ धरून उभे. मग त्यांनीच सांगितलं, सगळ्यात खालच्या मजल्याचा नळ आधी सोडा, लाइन रिकामी होऊ द्या, मग बोला. त्यानंतर भराभर उलगडत गेलं. बोअरची लाइन वेगळी, कॉर्पोरेशनच्या पाण्याची वेगळी. तिसऱ्या मजल्याचं एक स्वयंपाकघर पाचव्याच्या बाथरूमच्या लाइनीवर निघालं. काकूंच्या गीझरचा व्हॉल्व्ह गच्चीवर नव्हताच, तो डक्टमध्ये टाइल्सच्या मागे लपला होता, आणि तिथे हात घालायला झडप केलेली नव्हती. कळलं तसं ते लिहीत गेले, थरथरत्या पण वळणदार अक्षरात, प्रत्येक मुठीखालच्या पत्र्याच्या पट्टीवर. पाचवीतली एक मुलगी शेजारी बसून वहीत आकृती काढत होती. जुन्या नकाशापेक्षा ती आकृती जास्त खरी होती, म्हणून समितीनं तीच आर्किटेक्टकडे पाठवली.

मला त्या दिवशी आनंद झाला आणि चुटपुटही लागली. एवढंसं काम. सगळी माणसं साइटवर असताना, भिंती उघड्या असताना हे एका सकाळी झालं असतं.

मागच्या महिन्यात शेजारच्या सोसायटीच्या अध्यक्षांनी मला त्यांच्या सभेला बोलावलं. त्यांचा पुनर्विकास आत्ता सुरू होतोय, विकास करारनाम्याचा मसुदा आला आहे. तसंच पार्किंग, तशाच प्लॅस्टिकच्या खुर्च्या, आणि बोलणं तसंच कार्पेट एरियावर आलेलं. मी त्यांना एवढंच विचारलं, की ज्या दिवशी ताबा घ्याल त्या दिवशी तुमच्या हातात काय काय असलं पाहिजे? आधी 'किल्ली' म्हणून दोघे-तिघे म्हणाले. मग वीज मंडळातून निवृत्त झालेले एक गृहस्थ म्हणाले, कुठला मीटर कोणाचा त्याची यादी, आणि ती प्रत्यक्ष तपासलेली. मागून कोणीतरी अग्निशमनाचा पंप चालू करून दाखवा म्हणालं. लगेच एक आजी म्हणाल्या, "दाखवू नका, वॉचमनला चालवू द्या, आपण बघू." गळतीसाठी एक पावसाळा जाऊ दे, असं एकानं सुचवलं. रेरा कायद्यात बांधकामातल्या दोषांसाठी पाच वर्षांची जबाबदारी आहे, ती जुन्या सभासदांसाठीही करारात स्वतंत्रपणे लिहून घ्या, एवढी भर मी घातली. झालेल्या बदलांसह नकाशा, हे अध्यक्षांनी स्वतःच लिहिलं.

त्यांच्या सल्लागारांनी मसुद्यातलं, काम पुरं करण्याची हमी म्हणून विकासकानं द्यायच्या बँक गॅरंटीचं पान उघडलं. ती टप्प्याटप्प्यानं सोडायची होती, आणि शेवटच्या टप्प्यापुढे 'भोगवटा पत्र मिळाल्यावर' एवढंच छापलेलं होतं. त्याखाली त्यांनी पेननं एकेक ओळ वाढवायला सुरुवात केली. पान भरलं तेव्हा मागच्या बाजूला लिहिलं. विकासकाकडून यातल्या काही ओळींना विरोध होईल, हे त्यांनी तिथेच सांगितलं. सभासदांनी तो ऐकून घेतला आणि यादी तशीच ठेवली. पुढची बैठक येत्या रविवारी दहा वाजता आहे. प्रत्येक ओळीपुढे ती तपासणार कोण, त्याचं नाव तिथे घालायचं आहे.